मागितलेला दात

मंगळवार, ५ मार्च

गेली एकदाची ती दंतनर्स, पिसिला! शाळेत अजून पेपरमिंटचा वास दरवळतोय.

दंतनर्स येणार म्हणून मुख्याध्यापकांनी कालपासून धसका घेतला होता. मागच्या खेपेला जो बाबा आला होता त्याचं बोट माझ्या वर्गातल्या माकाने चावलं होतं ना! पिसिलाने काय केलं? सरळ चटईवर मांडी ठोकली आणि माकालाच म्हणाली, "आधी तू माझे दात बघ. किडका दिसला तर जोरात ओरड." माका तिच्या तोंडात डोकं घालायचाच काय तो बाकी राहिला. थोड्या वेळाने बघते तर माझा सगळा वर्ग एकमेकांचे ओठ उचलून आत डोकावतोय. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

मग गोची झाली. विलामीची जोडी नेमकी त्याच्या चुलत बहिणीशी लागली. आमच्या बेटावर चुलत म्हणजे सख्खीच. दोघं माना खाली घालून दगडासारखी उभी. रीत मोडून बहिणीच्या तोंडात कोण बघेल! आता शहरातली बाई भाषण झोडणार, असं मला वाटलं. छे! "मुली टाकीपाशी, मुलगे नीरफणसामागे!" — संपलं. एका शब्दाने पोरांना लाजवलं नाही तिने.

घड्याळही नको म्हणाली. मुली दात घासतील तेव्हा मुलग्यांनी झाडामागून स्तोत्र गायचं, मुलगे घासतील तेव्हा मुलींनी. स्तोत्र संपेपर्यंत ब्रश थांबवायचा नाही. आणि शेवटी नुसतं थुंकायचं — चूळ भरायची नाही. पेस्ट दातांवर राहू द्यायची.

गृहपाठ दिलाय : घरात ज्याचं तोंड बघता येईल त्याचं बघून या.

गुरुवार, ७ मार्च

थुंका, चूळ नको! थुंका, चूळ नको! सांगून सांगून माझ्याच दाताच्या कण्या झाल्या. माका थुंकतही नाही. गिळतो. "गोड आहे ना बाई!"

शुक्रवार, ८ मार्च

आज गृहपाठ तपासला. कुणी आईचं तोंड पाहिलं, कुणी आजीचं ("आजीला दातच नाहीत, मी काय बघू?"). मग ओफा आली. माझी भाची.

"आत्या —" (शाळेत बाई म्हण, हेही सांगून दमले) आणि तोंड उघडून खाली, डावीकडे, मागे बोट लावलं. "इथे भोक आहे. काळं. बाजूला पांढरं फुगलंय. घाण वास येतो."

पाहिलं तर दात लख्ख.

"तुझा तर चांगला आहे गं."

"माझा नाही. कुणाचा तरी."

"कुणाचा?"

"मी हात नाही लावला हं, आत्या! डोक्याला पण नाही. ते कुणीतरी तोंड उघडं टाकून घोरतात. मी लांबूनच टॉर्च मारला."

आमच्या घराण्यात तसं घोरणारा एकच. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ सेमिसी. बापाच्या डोक्याला लेकरू हात लावत नाही. पोरीने रीत पाळली, गृहपाठ केला आणि बापाचं नावही घेतलं नाही! खूप हसू आलं. मग आठवलं. गालाला टॉवेल बांधून हिंडतोय तो. 'समुद्रावरचा वारा लागला' म्हणे.

मी त्याला विचारू शकत नाही. भावाशी मी अंगाचं, दुखण्याखुपण्याचं बोलत नाही. तो वऱ्हांड्यात आला की मी आत जाते. लहानपणापासून हे असंच. यात माया नाही असं कुणी म्हणू नये. हीच आमची माया.

रविवार, १० मार्च

चर्चमध्ये सेमिसी उभा होता, पण गायला नाही. त्याचा खर्ज नसला की आमचं स्तोत्र तळ नसलेल्या होडीसारखं होतं. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मी सोडून.

त्याच्या जेवणात सुरण नाही, डुकराचं मटण नाही. नुसतं शहाळ्याचं पाणी. वहिनी म्हणाली, "मी बोलले की उठतात आणि पुरुषांच्या बैठकीत कावाच्या मुळीचं पाणी प्यायला जातात. लवंग धरलीय दाताखाली."

मंगळवार, १२ मार्च

पिसिलाला मंगळवारी पलीकडच्या बेटावरून आणतो कोण? सेमिसीच! त्याच्याच होडीतून.

"मी त्याच्यासमोर बसते," ती म्हणाली. "गालाचं काही विचारलं की मोटर जोरात करतो. काय, काय, ऐकू येत नाही!" आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली. "बाई, ही थट्टा नाही. सूज जबड्याखाली उतरली की गळा धरते. श्वास कोंडतो. माणूस जातो हो."

ज्या दवाखान्यातून नर्सला आणतो तिथेच जायचंय बाबाला, आणि होडी स्वतःची! आपलेच दात, आपलेच ओठ.

बुधवार, १३ मार्च



सकाळी वहिनी रडत आली. सूज गळ्यावर उतरली. फादर सांगून गेले, त्यांनाही 'हो हो' म्हणाला आणि पडून राहिला. मी नुसती येरझाऱ्या घालत होते. ओफा पायरीवर बसली होती.

"आत्या, तू मागितलंस की बाबा नाही म्हणू शकत नाहीत ना?"

खरं आहे. मोठ्या बहिणीने मागावं आणि भावाने द्यावं. म्हणूनच मी कधी मागत नाही. जन्मात एकदा डुक्कर मागितलं, तर त्याने दोन पाठवली.

"मग दात माग."

मी बघतच राहिले तिच्याकडे. सात वर्षांची पोर! जे मला, वहिनीला, फादरना सुचलं नाही ते हिला सुचलं.

कमरेला चांगली चटई बांधली, मयतीला-लग्नाला बांधतात ती. त्याच्या अंगणात जाऊन घराकडे पाठ करून बसले. शेजारीपाजारी जमले. दोन-तीन जणी खुसखुसल्या. हसतील त्यांचे दात दिसतील!

ओफा दारात उभी राहिली. "बाबा, आत्या मागायला आलीय."

आतून घोगरा आवाज : "काय हवं? डुक्कर? होडी?"

"खालचा, डावीकडचा, मागचा दात." मी पाठ न वळवता सांगितलं.

  मला वाटलं, संपलं. भावाचा मान घालवला मी, आता आयुष्यभर तोंड दाखवणार नाही.

मग पाठीमागून पावलं गेली, जड, किनाऱ्याच्या दिशेने. आणि मोटर सुरू झाल्याचा आवाज.

गुरुवार, १४ मार्च

होडी परतली नाही. वर्गात स्तोत्राचं कडवं विसरले. पोरांनीच पुरं केलं.

शुक्रवार, १५ मार्च

वहिनीचा दवाखान्यातून निरोप. दात काढला, पण गळ्यालाही छेद द्यावा लागला. पू निघाला. नळ्या लावल्यात. पिसिला उशाशी बसून आहे. ड्यूटी संपली तरी!

देवा, त्याचा आवाज राहू दे. नाही राहिला तर माणूस तरी राहू दे.

बुधवार, २० मार्च

सेमिसी घरी आला. ओफाने झाडाच्या सालीपासून केलेल्या तापा कापडाच्या तुकड्यात गुंडाळून दात आणून दिला. दोन्ही हातांवर ठेवून, रीतीप्रमाणे. केवढा काळा!

"बाबांनी सांगितलंय — आत्याला म्हणावं, किडका आहे, माफ कर. चांगला हवा असता तर आधी मागायचा होता."

हसले आणि ढसाढसा रडले. "बोलतात का गं नीट?"

"नाही. कानात सांगतात. डॉक्टर म्हणाले, आवाज कदाचित येईल."

मंगळवार, २६ मार्च

पिसिला आली, सेमिसीच्याच होडीतून. मुलींची घासायची पाळी. नीरफणसामागून मुलगे गायला लागले आणि त्यांच्या चिरक्या आवाजांखाली, फाटका का होईना, खर्ज होता. मी तिकडे पाहिलं नाही. मग मुलग्यांची पाळी झाली. झाडामागून थुंकल्याचे आवाज आले, त्यातला एक चांगलाच दणदणीत. चूळ भरल्याचा एकही नाही!