माळकऱ्याची बाटली

मळा, ता. दिंडोरी
५ सप्टेंबर २०२५

चि. महेशला दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो, म्हणून हे पत्र. तुझी सायली तुम्हा दोघांना मुंबईहून मोठ्या बोटीनं गोव्याकडे फिरवून आणणार असं आमचा गोरक्ष म्हणाला. जाऊन या. पोरीनं नाव काढलं.

गोरक्षबरोबर एक बाटली पाठवतोय. आपल्या खालच्या तुकड्यातल्या द्राक्षांची वाइन आहे. कंपनीनं करार संपवताना शाल-नारळाबरोबर दिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून ती बाग उपटायची आहे. गोरक्षला तिथे खायची द्राक्षं लावायचीत, आणि त्याचं काही चूक नाही. पण बावीस वर्षं ती बाग मी केली. बी चावून काढणीचा दिवसही मीच ठरवायचो. गाडी फाटकाबाहेर गेली की पुढे त्या मालाचं काय होतं ते मला कधी कळलं नाही. वडिलांबरोबर त्र्यंबकला घातलेली माळ मी आता या वयात काढणार नाही. तेव्हा तू बोटीवर चव घे आणि जेसीबी यायच्या आत मला लिही. नाहीतर काय उपटलं तेच न कळता उपटल्यासारखं होईल.

तू घेतोस हे मला माहीत आहे. माळ घातली म्हणून माझं नाक गेलेलं नाही. साधनाला घरात चालत नाही, पण समुद्र काही तिचं घर नव्हे.

आहे ती माया वाढव, कमी करू नकोस.

तुझा,
खंडेराव दादा

इंदिरानगर, नाशिक
१९ सप्टेंबर २०२५

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप परत आलो. बोट म्हणजे लिफ्ट असलेलं गावच आहे. साधनानं तिथेही भजनी मंडळातल्या दोघी शोधून काढल्या आणि मी तीन दिवस पिशव्या सांभाळल्या.

तुमचं काम केलं. सूर्य मावळताना डेकवर बसून बाटली उघडली. दादा, काय सांगू! मधासारखी गोड, गुलाबासारखा वास, घोट कसा मखमली. शेजारच्या टेबलावरचे लोक माना वळवून बघत होते. तुमच्या कष्टांचं चीज झालं. आता खुशाल बाग उपटा, मनात काही ठेवू नका.

वहिनींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला,
महेश

मळा
२३ सप्टेंबर २०२५

चि. महेशला आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मग घडी करून ठेवून दिलं.

कंपनीचा माणूस दर हंगामात बांधावर उभा राहून मला सांगायचा की या वाइनमध्ये गोडी औषधालाही उरत नाही, सगळी साखर आंबताना संपते. तुझी मात्र मधासारखी गोड निघाली. लहानपणी विहिरीवर न जाता पोहून आलो म्हणायचास, तेव्हा केस कोरडे असायचे. तसंच हे.

मला राग आला आहे. ज्या बागेची बावीस वर्षं राखण केली, तिची तू मला जाहिरात वाचून दाखवलीस. खरं काय ते लिही. नऊ दिवस राहिलेत.

तरीही तुझा,
दादा

इंदिरानगर
२७ सप्टेंबर २०२५

ती. दादांस शि. सा. न.

चुकलो. बाटली बोटीवर गेलीच नाही. टॉवेलात गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवली होती, पण बंदरावरच्या मशिनमध्ये दिसली. बाहेरची दारू नेता येत नाही म्हणे. ही आमच्या घरच्या द्राक्षांची आहे असं मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली की काका, इथे प्रत्येकाची बाटली कुणाच्या तरी आठवणीचीच असते. खोलीचा नंबर लिहून चिठ्ठी बांधली आणि उतरताना परत दिली. तुमचा हिरमोड नको म्हणून मी ते गोड गोड लिहिलं. बाटली आमच्या कपाटात साड्यांमागे होती.

तुमचं पत्र साधनानं वाचलं. तिनं स्वतः बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. एवढं एकदाच, असं बजावून वर फुलपात्रही दिलं. बूच काढायचं हत्यार घरात नव्हतं, पण सातपूरला तीस वर्षं फिटर होतो; स्क्रू पिळला आणि पकडीनं ओढला.

आता खरं लिहितो. आधी आंबट लागली. मग कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आकसली. गिळल्यावर बऱ्याच वेळानं मागे काहीतरी भाजल्यासारखं खमंग राहिलं, ते चहा पिईपर्यंत गेलं नाही. दादा, मला आवडली नाही. अर्ध्या फुलपात्राच्या पुढे गेलो नाही. तुम्हाला हे लिहिताना वाईट वाटतंय.

रागावलात तरी आम्हाला परकं करू नये.

आपला,
महेश

मळा
४ ऑक्टोबर २०२५

चि. महेश व चि. सौ. साधना यांस अनेक आशीर्वाद.

काल जेसीबी आला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मी शेवटची ओळ जाईपर्यंत उभा होतो. थोडा रडलो, तुला सांगायला हरकत नाही. गोरक्षनं बघून न बघितल्यासारखं केलं. शहाणा आहे.

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशीच मिळालं होतं. जीभ आकसली आणि मागे भाजल्यासारखं खमंग राहिलं, असं तू लिहिलंस, तिथे मी थांबलो. महेश, ती बीची चव आहे. काढणीच्या दिवसांत रोज सकाळी मी मणी तोडून बी चावायचो. कच्ची असली की जीभ आकसते, पिकली की भाजल्यासारखी खमंग लागते, आणि तोंडात चहापर्यंत राहते. ती तशी लागली की मी घरी येऊन सांगायचो, उद्या काढा. म्हणजे मला कळत नव्हतं असं जे मी धरून बसलो होतो, ते माझ्या तोंडात बावीस वर्षं होतं, गळ्यात माळ असतानाच. तू गोडच म्हणत बसला असतास तर हे कधी उमगलं नसतं.

उरलेली साधनाच्या कुंड्यांना घाल आणि रिकामी बाटली धुऊन पाठव. तुझ्या वहिनीला तिच्यात काकवी भरायची आहे.

तुला आवडली नाही तरी चालेल. मला ओळखू आली.

खरं लिहीत जा, म्हणजे माझा जीव तुझ्यात राहील.

तुझा,
दादा