दोन पावलं पूर्वेला

प्रिय पट्टीमास्तर,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. पडू देत. तुझ्या नकाशावरून खोदताना फुटलेल्या त्या जलवाहिनीपायी तुझी नोकरी गेली आणि आपलं बोलणंच खुंटलं. पण काल जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

शहरातल्या सगळ्या खात्यांचे नकाशे आता एकत्र जोडताहेत. आठवतं, आपण वीजवाल्यांना नकाशाची झेरॉक्ससुद्धा द्यायचो नाही आणि ते आपल्याला दारात उभं करायचे नाहीत? काल तीच मंडळी मांडीला मांडी लावून चहा पीत होती! माझी सून हे काम बघते, तिनेच मला मुद्दाम नेलं. भिंतीएवढ्या पडद्यावर आधी रस्ते आले, त्यांवर आपल्या पाणीखात्याच्या वाहिन्या, मग वीज, गटारं, शाळकरी पोरांनी मोजलेली झाडं. चाकाच्या खुर्चीतल्या एका बाईंनी कुठल्या पदपथाला उतार नाही, ते स्वतः फिरून नोंदवलंय. मी आ वासून बघत राहिलो. जन्मभर आपण तुकडेच काढले रे. अख्खं शहर एकदम काल दिसलं. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

मग सुनेने एक गंमत दाखवली. उत्तर भागात सगळ्यांच्या रेषा जुळतात, फक्त तू काढलेल्या वाहिन्या एकजात दोन पावलं पूर्वेला. ती म्हणाली, की काढणाऱ्याचा हात चुकला तर रेषा कुठेही भरकटते. सगळ्या सारख्याच सरकल्या, तर ज्या खुणेच्या दगडापासून मोजायला सुरुवात केली, तो दगडच सरकलेला असणार. सगळे वाहवा करत होते.

तो दगड मी हलवला होता. रस्त्याच्या कामात रोलरने उखडला, मी नजरेच्या अंदाजाने पुन्हा रोवला आणि कुणाला बोललो नाही. तू त्यावरूनच मोजलंस. चौकशीत पोटतिडकीने मापं बरोबर असल्याचं सांगत होतास, तेव्हा मला सगळं उमगलं होतं, तरी नोकरीच्या भीतीने मी शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलो. आज सकाळी हे सगळं लिहून, सही करून खात्यात दिलं. प्रत सोबत जोडली आहे. सुनेने ती वाचली, तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तुझी माफी मागायला मला तोंड नाही. पण तुझं एकही माप चुकलं नव्हतं.

तुझाच, म्हणायची अजून मुभा असेल तर,
शेजारच्या टेबलावरचा