न सरकलेली पट्टी

बाबा, परवा तिरोड्याजवळच्या एका राईस मिलमध्ये माझा प्रोग्राम बसवायला गेले होते. तिथले मिस्त्री तुमच्या तेव्हाच्या वयाचे असतील. त्यांनी माऊस धरला, पडद्यावरची पट्टी ओढली, आणि ती क्षणभर उशिरा सरकली. तेवढ्यात त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला, तळहात वर करून, तुम्ही ठेवला होता तसा. मी लगेच म्हटलं, "काका, तुमचं काही चुकलं नाही. माझंच असेल." ते हसले. "अवं बाई, मी तं अजून काई बोललोच नाही." त्यानंतर संपूर्ण दुपार मला त्यांच्या हातांकडे बघता आलं नाही.

त्या पट्टीला काय म्हणतात ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. स्लायडर. वर आलेख असतो: आडव्या बाजूला धान सोलणाऱ्या रबराच्या दोन रोलांमधली फट, उभ्या बाजूला शंभर दाण्यांत किती तुटले ते. खालचा स्लायडर धानातल्या ओलाव्याचा. तो ओढला की आलेखाची रेघ हलते आणि कोणत्या ओलाव्याला किती फट ठेवावी ते दिसतं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, पण आकडे सगळे तुमचे. नवं धान तुमच्या मिलमध्ये यायला लागलं तेव्हापासून रोज डबा खाऊन झाल्यावर तुम्ही वर्तमानपत्रावर तांदूळ पसरायचात, शंभर दाणे मोजायचात, कणी बाजूला करायचात आणि मी दिलेल्या वहीत लिहायचात. तुम्हाला स्वतःला त्याची गरज नव्हती. तुम्ही रोलांच्या आवाजावरून फटीचं चाक पाव फेरा फिरवायचात, तळहातावर तांदूळ घेऊन एक फुंकर मारायचात, की झालं. मीच म्हटलं होतं, अंदाज चालत नाही, आकडा हवा. "लिवतो ना बेटा," एवढंच म्हणालात.

दिवाळीच्या सुट्टीत मी लॅपटॉप घेऊन मिलमध्ये येते. शेटजींच्या टेबलावर ठेवते. दारात हमाल उभे आहेत. मी स्लायडर ओढून दाखवते, रेघ हलते, शेटजी मान डोलावतात. त्यांचे प्रश्न चालतात, बराच वेळ जातो, आणि मग तुम्ही खुर्चीत बसता. बसण्याआधी हात खांद्यावरच्या दुपट्ट्याला दोनदा पुसता, तरी बोटांच्या रेघांत कोंडा राहतोच. पट्टी ओढता. हलत नाही. पुन्हा ओढता. "काऊन वं बेटा? मी ओढूनच रायलो, थे हालत नाही." दारातून आवाज येतो, "मिस्त्रीजी, तेल टाका तिले!" शेटजी म्हणतात, "मिस्त्री, ये चक्का नहीं है, ज़ोर मत लगाओ." सगळे हसतात, तुम्हीसुद्धा. मी हसत नाही. मी म्हणते, "बाबा, तुम्हाला धरता येत नाही. सोडा."

तुम्ही सोडलात, हात मांडीवर ठेवलात, तळहात वर करून. "होय जी, माह्याच हाताले वळन नाही," असं शेटजींना म्हणालात. मी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, स्वतः ओढला, आणि तो चालला. माझ्या दृष्टीने सिद्धच झालं.

नागपूरला परतल्यावर तिसऱ्या दिवशी, कॉलेजच्या लॅबमध्ये, भर दुपारी, स्लायडर माझ्याही हातात मेला. कारण शोधायला तासभर लागला. प्रोग्रामची खिडकी उघडणाऱ्या कोडच्या तुकड्यात, म्हणजे फंक्शनमध्ये, मी स्लायडर तयार केला होता आणि तो कुठेच धरून ठेवला नव्हता. फंक्शन संपलं की त्याला वाली उरत नाही. संगणक अधूनमधून अशा बेवारस गोष्टी मेमरीतून काढून टाकतो. लगेच नाही, केव्हातरी. म्हणून आधी काही वेळ सगळं ठीक चालतं. आणि काढून टाकल्यावरही चित्र पडद्यावर तसंच राहतं, कारण ते आधीच उमटलेलं असतं. पट्टी दिसते, पण तिथे कोणी नसतं. तुम्ही खुर्चीत बसलात तेव्हा तिथे कोणी नव्हतं. दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी त्याच दुपारी केली. फोन केला नाही.

संक्रांतीला घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होता. आई तीळ भाजत होती आणि तुम्ही ओट्याच्या कडेला चुन्याची डबी बोटांनी धरून डावीकडून उजवीकडे सरकवत होता, सावकाश, एका रेषेत. मी विचारलं, "हे काय करताय?" आईच म्हणाली, "मयन्याभरापासून असंच सुरू आहे. माह्या ओट्यावर चुना सांडते रोज." तुम्ही डबी थांबवली नाहीत. "हाताले वळन लावून रायलो. मांगच्या बारीनं माह्यापायी तुही फजिती झाली ना, सगळ्याईसमोर." मग वर बघून विचारलंत, "आनलं का थे? आता दाखव, सरकवतो."

आता पट्टी सरकली असती, तर ती तुमच्या हाताच्या वळणाने नाही, माझ्या दुरुस्तीने सरकली, हे मला सांगावं लागलं असतं. तुम्ही रागावला नसता, हेही मला माहीत होतं. मिलमध्ये जाऊन पोरीने चूक कशी शोधली तेच सांगितलं असतंत. तरी मी म्हटलं, "बॅटरी संपली आहे. पुढच्या वेळी." तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुन्हा डबी सरकवायला लागलात.

होळीच्या आठ दिवस आधी तुम्ही गेलात.

तो जुना प्रोग्राम, दुरुस्त न केलेला, मी जपून ठेवला आहे. कधीकधी उघडते आणि माऊसला हात न लावता बसून राहते. ओलावा जिथे ठेवलेला असतो तिथेच. तुमच्या आकड्यांची रेघही. केव्हा पट्टी मरते ते कळत नाही, पडद्यावर काहीच बदलत नाही. मला मात्र रोलांचा आवाज बदलल्यासारखा वाटतो, आणि कोणीतरी हात पुसत खुर्चीजवळ उभं असल्यासारखं. मग मी बंद करते.

हे आईला वाचून दाखवणार नाही. चुन्याची डबी तिने अजून ओट्यावरच ठेवली आहे, आणि मी घरी गेले की ओटा पुसताना डबी उचलत नाही, तिच्या बाजूने पुसून घेते.

बाबा, त्या दिवशी बॅटरी संपलेली नव्हती. गाडीत बसण्याआधी मी ती पूर्ण भरून घेतली होती, तुम्हाला दाखवायचं म्हणून.