दोन मनगटं

सोमवार, ३
डाव्या हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. खोली झकास मिळाली. मोठी खिडकी, स्वच्छ चादर, चहा खरोखर गरम. जिन्यावरून घसरून उजवं मनगट मोडलं, सत्तरीतलं हाड जुळता जुळेना, म्हणून भाचीने मला या हाडांच्या रुग्णालयात आणून टाकलं. हात धड झाला नाही तर माझी रवानगी वृद्धाश्रमात, हे तिने गोड शब्दांत सांगून ठेवलं आहे. मावशीच्या जिभेला हाड नाही, तेवढं तरी मोडायचं नाही, असंही म्हणाली. गुणी मुलगी.

डॉक्टर तरुण आणि नम्र. मेलेल्या जिवाणूंच्या कवचांची भुकटी मलमात कालवून मोडल्या जागी भरतात. जिवाणू मेलेले आहेत हे शरीराला कळत नाही. शत्रू आला समजून ते सगळी फौज तिकडे धाडतं आणि त्या धावपळीत हाड भराभर वाढतं. शत्रूचा रिकामा गणवेश दाखवून काम करून घ्यायचं. मला पटलं.

पडद्यापलीकडे पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. पाय मोडलेला, कानाने कमी. नातीचे फोटो पाच वेळा दाखवून झाले.

बुधवार, १२
उजव्या हाताने लिहिते आहे. नऊ दिवसांत हाड जुळलं. डॉक्टर एक्स-रे घेऊन नाचायचेच बाकी होते. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी, मला राहवेना. विचारलं, हे भुकटीमुळेच झालं कशावरून? भुकटी न घातलेलं हाड तपासलंत का? तेही याच वयाचं, याच शरीरातलं? त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि माझे आभार मानले. वर्गात इतकं मन लावून माझं कोणी ऐकलं नव्हतं.

शुक्रवार, १४
सकाळी अकराला त्यांनी माझं डावं मनगट मोडलं.

भूल दिली नाही. भुलीने वाढीवर परिणाम होतो म्हणे. दोन मदतनीस छातीवर बसले, परिचारिकेने तोंडात टॉवेल कोंबला. मनगटाखाली लाकडी ठोकळा, वरून लोखंडी पट्टी. पहिल्या घावाला नुसतं तडकलं. दुसऱ्याला हाडाचं टोक कातडीबाहेर आलं. डॉक्टरांनी माझं कपाळ पुसलं आणि म्हणाले, बाई, तुमची शंका रास्त होती.

यात भुकटी घातलेली नाही.

रविवार, १६
फोन काढून घेतला. भाचीला कळवलंय की मला संसर्ग झाला आहे, तीन आठवडे कोणी यायचं नाही. ती येणारही नाही. सांगितलेलं ऐकणारी मुलगी.

दुपारी जेवायला दिलेला काटा एका मदतनिसाच्या गालात खुपसला. आरपार गेला. कॉन्व्हेंटात नन्सनी काटा धरायला शिकवलं होतं, ते असं कामी आलं. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. दोन दात गेले.

मंगळवार, १८
मी मूर्ख. आज डॉक्टरांना बजावलं, तुमची तुलनाच खोटी आहे. उजवं पडून मोडलं, डावं तुम्ही पट्टीने. दोन्ही मोडणी सारख्या नाहीत. वाटलं, खजील होऊन सोडून देतील. त्यांनी तेही वहीत उतरवून घेतलं. मग आभार मानले.

उद्या उजवं. त्याच जागी, तसेच दोन घाव.

बुधवार, १९
दहा वाजले. डावा हात सुजून काळा पडलाय, बोटं हलत नाहीत. आता उजवाही गेला की संपलं — ना घर, ना वही —

पोस्टातल्या बाई आज घरी निघाल्यात. माझं ओरडणं त्यांना ड्रेसिंगचं वाटतं. ऐकू येतं तेवढ्यावरून —

एक शंका राहिली आहे. सगळ्यात मोठी. एकाच माणसावरून काहीही सिद्ध होत नाही, दुसरं शरीर हवं. एवढं म्हटलं तर आज माझा हात वाचतो. पडदा सरकवतील आणि —

ठोकळा आणला. पट्टी. बाई पलीकडे पिशवीची चेन लावताहेत, नातीशी फोनवर मोठ्याने बोलताहेत —

डॉक्टर विचारताहेत, बाई, आणखी काही शंका?

नाही म्हटलं.

पुन्हा विचारताहेत. नाही. काही नाही. पेन ओढताहेत, मी सोडत ना