येथील सर्व मंडळी क्षेम

माय,

तुला तीर्थरूप लिहिलं नाही आणि शिरसाष्टांग नमस्कारही घातला नाही. ते सगळं मला येतं, नको इतकं चांगलं येतं, म्हणूनच टाळलं. तुझ्या एका पोस्टकार्डाबद्दल बोलायचं आहे. तू सांगितलंस एक आणि मी लिहिलं दुसरंच, ते कार्ड. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तू रागावलीस तरी मला ऐकू येणार नाही. एवढ्या सुरक्षित अंतरावरून लिहिणारा माणूस धीट असतो. माझा सगळा धंदाच त्यावर चालतो. नागपूरच्या एका पेपरात दर आठवड्याला कुणाची तरी टोपी उडवते, लोक म्हणतात बाईची जीभ तिखट आहे. पण हल्ली दुपारी डोळा लागला की भिलाईच्या सेक्टर सहामधलं आपलं क्वार्टर दिसतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात तू. सगळ्यावर ती तांबूस धूळ बसलेली. तू काहीतरी सांगत असतेस आणि मी हातात टाक धरून बसलेली असते. टाक चालत नाही. तुझे ओठ हलतात, आवाज येत नाही.

ते पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक बाबांनी दुर्ग स्टेशनावरून आणलं होतं. बाबा तेव्हा पोलाद कारखान्यात क्रेनखाली साखळ्या बांधायच्या कामावर होते, नवी भट्टी उभी राहत होती. घरी आले की कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल. त्यांचं म्हणणं साधं होतं. "इथं अर्जाबिगर पान नाही हालत. नळ गळून राहिला, अर्ज दे. भिंतीचा चुना पडून राहिला, अर्ज दे. माणूस मेला तरी पयले अर्ज मागतीन." म्हणून पत्रलेखनाचं पुस्तक. त्यात अर्ज होते तीनच, तेही तलाठ्याला लिहायचे. बाकी सगळी पत्रं. जावयाचे सासऱ्यांस, दिवाळसणास येता येत नसल्याबद्दल. बोर्डिंगातल्या मुलाचे वडिलांस. व्यापाऱ्याचे व्यापाऱ्यास, गुळाच्या ढेपा ओल्या आल्याबद्दल. बाबांनी दोन दिवस चाळलं आणि "लिहिणारे कुठं राहतेत बा हे लोक?" म्हणून माझ्याकडे सरकवलं. त्यांचे अर्ज शेवटी हिंदीतच गेले.

माझी शाळा हिंदी होती हे तू विसरली नसशील. पाटीवर हिंदी, प्रार्थना हिंदी, मार खाल्ला तो हिंदीत. घरात आपली बोली. छापलेली मराठी म्हणून घरात आली ती एवढीच, त्या पिवळ्या पुठ्ठ्याच्या आत बसून. मी ती गुळाच्या ढेपांसकट पाठ केली. मला खरंच वाटायचं की कागदावरची मराठी हा एक वेगळाच मुलूख आहे. तिथे कुणाला भूक लागत नाही, कुणी कुणाला शिव्या देत नाही, सगळे एकमेकांच्या कृपेकरून क्षेम असतात आणि जास्त काय लिहिणे म्हणून थांबतात. दहा वर्षांची होईपर्यंत मी त्या मुलखाची दिवाणीण झाले होते. रविवारी दुपारी आपल्याकडच्या बायका कोरी कार्डं घेऊन अंगणात बसत, तू चहा ठेवायचीस. त्या सांगत, "लिही वो पोरी, सासऱ्याले सांग, म्हशीकडे ध्यान दे." मी लिहायची, "गोधनाचा योग्य तो परामर्श घ्यावा." त्या तोंडाला पदर लावून कौतुकाने बघत. तू शेजारणींना सांगायचीस, माझी पोरगी पुस्तकासारखं लिहिते. तुला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणून तर अभिमान इतका होता.

आणि मग तो रविवार. बाकीच्या बायका गेल्या आहेत. तुला सातवा चालू आहे. तू भिंतीला टेकून पाय लांब केले आहेस, पायांवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. मी दोनतीनदा दाबून बघते, मला गंमत वाटते. पलीकडे कारखान्यात भट्टीतली वितळलेली मळी ओतताहेत, अर्धं आकाश शेंदरी झालं आहे, तुझा चेहराही. तू पदरातून एक कार्ड काढतेस.

"लिही. माय, मले सातवा लागला. पाय सुजून राहिले. सिगडी पेटवतो त डोकं गरगरते. इथले लोक चांगले हायेत, पन बोलाले माझं कोनी नाही. दादाले धाड अन् मले घेऊन जाय. पोरीले बी संगं आणतो. लिहिलं?"

"लिहून राहिली."

"अन् लिही, मले लय भेव वाटते. नाही, ते नको लिहू." तू लुगडं पायांवर ओढून घेतेस. "लिही. लिहून टाक."

मी लिहिलं. तीर्थरूप मातोश्रींचे चरणी बालिकेचे शिरसाष्टांग नमस्कार. आपले कृपेकरून येथील सर्व मंडळी क्षेम आहेत. येथील हवापाणी उत्तम असून कारखान्याचे काम झपाट्याने चालू आहे. आमची काळजी नसावी. अक्षर काय वळणदार आलं होतं! तू म्हणालीस, वाचून दाखव. आणि मी, माय, कार्ड डोळ्यांसमोर धरून तू सांगितलेलं तुला वाचून दाखवलं. पाय, सिगडी, दादा, भेव, सगळं. एका शब्दातही चुकले नाही. तू कार्ड हातात घेतलंस, उलटसुलट केलंस आणि म्हणालीस, "एवढ्याशा कारडात एवढं मावलं वो?"

आजीचं उत्तर महिन्याने आलं, गावच्या मास्तरांच्या हातचं. तुझे पत्र पावले, कुशल वाचून परमसंतोष जाहला. मास्तरांकडेही बहुधा तेच पुस्तक होतं. तू विचारलंस, "अन् न्यायले कोन येते?" मी म्हटलं, ते काही लिहिलं नाही. तू पुन्हा विचारलंस, कार्डाच्या मागच्या बाजूला? मी मागची बाजू बघितल्यासारखं केलं. मग तू उठून तांदूळ धुवायला गेलीस. त्यानंतर आजीचं नाव तुझ्या तोंडून वर्षभर आलं नाही. बाळंतपण प्लांटच्या दवाखान्यात झालं, भाऊ सुखरूप झाला, आणि घरी आल्यावर तुला न्हाऊ घातलं ते शेजारच्या, अहिवारा गावाकडच्या काकीने. ती तुझी पाठ रगडताना तिच्या छत्तीसगढीत विचारायची, "तोर दाई काबर नइ आइस बहिनी?" तुझी माय का नाही आली. तू म्हणायचीस, खेतीचं काम असेल. तुझ्या मायच्या घरी पाऊण एकर होती, त्यात तीन माणसं. मी दाराशी गरम पाण्याची बादली घेऊन उभी असायची. आई न आलेल्या बाईचा चेहरा कसा असतो ते मी तेव्हा वाफेतून बघितलं. पुढे कितीतरी लोकांची थट्टा केली, त्या चेहऱ्याची मात्र कधी करता आली नाही.

आजी आली ती भाऊ चालायला लागल्यावर. लाखोळीची डाळ, मोहाच्या पानांत बांधलेलं काहीबाही, आणि नव्या लुगड्याचा वास. दोघी अंगणात डाळ निवडत बसलात. मी उंबऱ्यावर अपूर्णांक सोडवत होते. तू मान वर न करता विचारलंस, "माय, म्या बलावलं त कावून नाही आली तू?"

"कधी बलावलं वो? मास्तरनं वाचून दाखवलं ना, सारे खुशाल हायेत म्हणून. म्या त साऱ्या गावात सांगत फिरली, माझी पोरगी राणीवानी राहून राहिली भिलाईले."

तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. दुपारच्या झोपेत ते बघणं अजून संपलेलं नसतं. मग तू खाली मान घालून एक खडा उचललास आणि बाजूला टाकलास.

"हो वो माय. मीच सांगाले विसरली असन."

बस. मला मारलं नाहीस, शब्दानं बोलली नाहीस. आजी गेल्यावर पंधरा दिवसांनी तू कार्ड काढलंस, मी टाक घेतला. तू भिंतीकडे बघत सांगायला लागलीस, "लिही. आपले कृपेकरून येथील सर्व मंडळी क्षेम आहेत. काळजी नसावी." सगळं तोंडपाठ. रविवारी बायकांना मी वाचून दाखवायची, ते ऐकून ऐकून तू शिकली होतीस. तुझ्या तोंडात ते शब्द दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखे फटफटत होते. मी टाक थांबवून म्हटलं, "माय, तुले जे सांगायचं ते सांग ना, मी तसंच लिहीन." तू म्हणालीस, "हेच सांगायचं हाय." आजी वारेपर्यंत तू तिला हेच सांगितलंस. सात-आठ वर्षं. मला फक्त उतरवून घ्यायचं काम उरलं.

ही गोष्ट मी पुढे चारचौघांत पुष्कळदा सांगितली, थोडी हसवून. दहा वर्षांच्या पोरीला छापील मराठीत पाय सुजवताच आले नाहीत, पुस्तकात तसला नमुनाच नव्हता, बिचारी करणार काय! लोक हसतात, मग थोडे गंभीर होतात, मग चहा येतो. छान चालते ती गोष्ट.

नमुना होता, माय. जावयाच्या पत्रानंतर दोन पानं पुढे. मुलीचे आईस, माहेरी नेण्यास येण्याबद्दल. मी तो त्या रविवारच्या आधीच वाचला होता, पाय सुजल्याचंही त्यात होतं, फक्त 'पायांस सूज' असं. पण त्या महिन्यात शाळेत कारखान्याचे रशियन पाहुणे यायचे होते आणि फुलं द्यायला पहिल्या रांगेत मला उभी केली होती. तू माहेरी गेली असतीस तर मलाही घेऊन गेली असतीस. पाहुणे आलेच नाहीत, त्यांची मोटार दुसऱ्याच शाळेकडे वळली. फुलं आम्ही आपसात वाटून घेतली.

हे पत्र मी टाकणार नाही. पत्ता नाही हे कारण झालंच, पण खरं ते नाही. तुला कुणीतरी वाचून दाखवायला लागेल आणि ते मलाच करावं लागेल. तू समोर पाय लांब करून बसलीस, तर मी इथपर्यंत येऊन, हे शेवटचं जरा गाळूनच वाचीन.