खिडकीतल्या प्रिम्युला

१२ मार्च, महाड

आज पिवळी प्रिम्युलाही उमलली. जांभळी आणि पांढरी आधीच फुलल्या होत्या. बिया मसुरीहून धाकट्या बहिणीने पाठवलेल्या. इथल्या उकाड्यात त्या जगल्या फक्त सासूबाईंच्या खोलीत, कारण एसी तिथेच आहे. पक्षाघातापासून सासूबाई पलंगावरच असतात आणि त्यांच्यामागे मी घरात.

दुपारी बहिणीचा फोन. "ताई, इथे डोंगरभर रानटी प्रिम्युला फुलल्यात. आठ दिवस ये ना!" मी म्हटलं, "बघते." काय बघणार? नणंद पोलादपूरला, इतकी जवळ. तिला कधी विचारलंच नाही. ती नाही म्हणेल म्हणून, की हो म्हणेल म्हणून?

संध्याकाळी पिवळं फूल सासूबाईंसमोर धरलं. त्यांनी बऱ्या हाताने ते बाजूला सारलं. अडखळत म्हणाल्या, "खिडकी उघड गो. कोंडल्यासारखं होतंय."

खिडकी उघडली तर फुलं करपणार. थोडा वेळ मी कुंड्यांकडेच बघत उभी राहिले. मग एसी बंद केला, खिडकी उघडली. गरम वारा आला, रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आला. सासूबाईंनी डोळे मिटून तो वारा तोंडावर घेतला.

किती दिवस त्यांना हे म्हणायचं होतं, कोण जाणे. त्यांनाही मी कधी विचारलं नव्हतं.