आईच्या भूमिकेत

१२ नोव्हेंबर, पवनी
अड्याळच्या मंडईचा, म्हणजे जत्रेतल्या आमच्या नाटकाचा, फ्लेक्स लागला बसस्टँडवर. केस मोकळे, पांढरी बुबुळं, तोंडातून रक्त. कुठल्यातरी जुन्या सिनेमातली मी. खाली बारीक अक्षरात, 'आईच्या भूमिकेत'. नाटकाच्या निर्मात्याला, भास्करला, फोन केला.
"काहून तापून राहिल्या ताई? लोकं तुमाले चुडेल म्हणूनच ओयखतेत. आई तं काय, घरोघरी हाये."
फोन आपटला. मुंबईत इतकी वर्षं भुतं केली, कधी कुणाला साधा भात वाढला नाही. म्हातारपणी एक तरी आई करावी म्हणून आले इथं.

१३ नोव्हें.
तालीम. म्हणजे एकच दिवस, बाकी प्रॉम्प्टरच्या भरवशावर. झाडीपट्टीच्या नाटकांत असंच चालतं, त्याची तक्रार नाही. तक्रार साडीची. भास्करनं पांढरी पाठवली! नाटकात नवरा जिवंत आहे त्या आईचा म्हटलं, तर दात काढतो. शेवटी वैनीचं हिरवं लुगडं मागितलं. भावाची बायको, पण सख्ख्या बहिणीपेक्षा बरी. "मले तं तुमी आईच दिसता ताई. पन पोट्टे तुमाले पाहून घाबरतेत, त्याइले काय सांगू?" तिचा राग नाही. बाकी सगळ्यांचा आहे.
दुसऱ्या अंकात मुलाचं प्रेत घरी आणतात. भास्कर म्हणे, तिथं जोरदार किंचाळा. मी म्हटलं, मी रडणार.

१५ नोव्हें., सकाळ
अड्याळ झालं. एन्ट्रीलाच शिट्ट्या. "आली रे चुडेल!" गिळलं. मुलाला भात वाढला. तो प्रवेश चांगला झाला, कुणी काहीही म्हणो. मग प्रेत आलं. रडले. खरोखरची रडले, आणि निघाला तोच आवाज. सिनेमातला. लोक टाळ्या पिटत उठले. वन्स मोअर! मेलेल्या पोरावर वन्स मोअर. मुडदा बसवला यांचा! प्रेत झालेला नटही हसत होता, पोट हलत होतं त्याचं.

१६ नोव्हें.
कुणाला सांगितलं नाही ते लिहून टाकते. तो आवाज माझा नाहीच. आमचा सगळ्यांत धाकटा, बबन, वैनगंगेत गेला, तेव्हा आई काठावर तशी ओरडली होती. मी नऊ वर्षांची. पहिल्या सिनेमात दिग्दर्शक म्हणाला, किंचाळ. दुसरं काही येत नव्हतं, आईचं काढून दिलं. पहिल्याच टेकला ओके. मग जन्मभर तेच विकलं. आता आईसारखी रडले तर लोकांना भूत दिसतं. भास्करवर चिडणं सोपं आहे. स्वतःच्या थोबाडीत कशी मारणार...

१७ नोव्हें.
भास्कर पेढे घेऊन हजर. आंधळगावच्या प्रयोगाची सगळी तिकिटं गेली म्हणे. सांगितलं, उद्या त्या प्रवेशात तोंडातून आवाज काढणार नाही, प्रेताशेजारी नुसती बसेन. त्यानं शांतपणे मोबाइल काढून वाजवला. माझी किंचाळी, सिनेमातून उचललेली.
"तुमी बसा ना ताई आरामात. आमी भोंग्यावर वाजवून देतो."
वैनी चहा घेऊन दारात उभी. "हे काय बोलनं झालं भाऊ?" त्याला म्हणाली. तो गेल्यावर पेढे गायीला घातले.

१८ नोव्हें., आंधळगाव, दुपार
माझा भाऊ जाऊ नको म्हणत होता. आले. मी पळाले तर आईचा तो आवाज एकटाच राहील त्या भोंग्यात. साउंडवाल्याला दम देऊन पाहिला. "मालक सांगन तसं, मावशी."
ठीक. वाजव. प्रेताचं डोकं मांडीवर घेऊन, तोंड गच्च मिटून, अगदी पुढच्या लाइटखाली बसणार आहे. एकेकाच्या डोळ्यांत बघणार. दिसू दे त्यांना, किंचाळी ऐकू येते आहे आणि बाईचं तोंड बंद आहे. तेव्हा वाजवा म्हणावं टाळ्या.
हसले तर?
हसले तरी उघडायचं नाही.